टायरच्या दुकानावरचा वर्ग

कुडचडेत, टायरच्या दुकानावरच्या माडीत
सातला वर्ग भरतो.
भरतो : साधा वर्तमानकाळ,
कारण सोम, बुध, शुक्र तो भरतोच,
वीज गेली तरी, चौघेच आले तरी.
आत्ता खाली कुणी रिम ठोकतंय.
ठोकतंय : अपूर्ण. हात थांबला की वाक्य खोटं.
एवढंच शिकवायचं आहे मला पाऊण तासात.

फळ्याच्या मधोमध ऑइल पेंटची जुनी रेघ आहे,
माझ्याआधीच्या गणिताच्या मास्तरांची.
तिच्या डावीकडे रोजचं लिहितो, सवयीचं, न बदलणारं :
झुआरी समुद्राला मिळते. पोदेर उजाडायच्या आत येतो.
उजवीकडे डोळ्यांदेखतचं,
आयएनजीचं शेपूट लावलेलं.

सोयरू वेळीप, वय एकेचाळीस, शेवटच्या बाकावर.
वही वर धरून वाचतो : आय ड्राइव्ह अ ट्रक.
पुढची पोरं खुदखुदतात.
त्याचा ट्रक साऱ्या गावाला ठाऊक :
खाण बंद झाली तेव्हापासून फणसाखाली उभा,
हौद्यात पावसाचं पाणी, पाण्यात बेडूक,
आणि ड्रायव्हरच्या सीटवर
शेजारणीची कोंबडी खुडूक बसलेली.
"आय ॲम ड्राइव्हिंग लिही रे," रॉयस्टन म्हणतो,
"कोंबडीला तरी बरं वाटेल."

मी खडू घेऊन उभा.
मग सांगतो, आणि सांगताना मलाच ते नवं लागतं :
नाही, त्याचं बरोबर आहे.
ह्या काळाला चाकं फिरावी लागत नाहीत.
माणूस जेवत असला, झोपला असला, तापाने फणफणला असला
तरी ड्राइव्ह.
लायसन्स ट्रंकेत असलं तरी ड्राइव्ह.
पोरं लिहून घेतात.
सोयरू लिहीत नाही. विचारतो,
"असं उभ्या उभ्या किती वर्षं चालतं, सर?"
पुस्तकात ते दिलेलं नाही.

प्रेसिला फुर्ताद खिडकीपाशी.
तिचं वाक्य : माय हजबंड इज कमिंग.
कधी? मी विचारतो.
हा काळ उद्यालाही चालतो, मी समजावतो,
पण तारीख ठरलेली हवी,
तिकीट हातात हवं.
ती पेनचं टोपण चावते.
"तिकीट खंय, सर. बोटीवरून फोनवर सांगतो नुसता."
मग विल कम, मी म्हणतो.
ती विल लिहीत नाही.
इज कमिंग तसंच ठेवते
आणि खाली रेघ मारते, पुढच्या पानावर उमटेल अशी.
माझं लाल पेन खिशातच राहतं.

पावणेआठ. बाकं सरकतात.
जिन्याच्या तोंडाशी सोयरू म्हणतो,
"येतो, सर."
जातोय, आणि म्हणतो येतो.
इंग्रजीत घालायचं तर आय ॲम गोइंग :
व्याकरण चोख,
आणि घरच्या माणसाला कुणी असं बोलेल का?
"तो पण असंच म्हणाला होता," प्रेसिला म्हणते,
"दाबोळीला, काचेच्या दारात. येतां गो."
छत्री शोधते. ती बाकाखाली सापडते.
"दोन वर्सां जाली."

खाली रिम ठोकायचं थांबलंय.
मी फळा पुसतो, आधी उजवीकडचा.
डावीकडे नदी समुद्राला मिळते,
पोदेर येतो, सोयरू ट्रक चालवतो.
ते सोमवारपर्यंत राहू देतो.