कुठवर

किती चालता येतं, म्हेत्रे बाईंनी विचारलं.
मीटरात मला सांगता येत नाही.
म्हटलं, घरापासून बोल्लींच्या पिठाच्या गिरणीपर्यंत.
तिथं डावी पोटरी मूठ आवळते.
उभी राहिले की सोडते.

त्यांनी घोट्यावर थंडगार जेल लावलं,
पेनासारखं काहीतरी टेकवलं, आवाज वाढवला.
खर्र… मग बराच वेळ काही नाही.
मग फुस्स. फुस्स.
मला हसूच आलं.
ओळखीचा आहे की हा आवाज, बाई,
आमच्याकडं चार दिवसांनी पाणी सोडतात
तेव्हा नळातनं आधी वारं येतं, अस्संच.
आमचं घर बोळात शेवटचं.
पुढच्यांचे हंडे, पिंपं, बादल्या भरल्या
की आमच्या तोटीला करंगळीएवढी धार.

पायसुद्धा शेवटचं घर, त्या म्हणाल्या,
आणि दंडाचा आकडा लिहिला,
त्याच्याखाली घोट्याचा, बारका.

साखर बारा वर्षांची.
मांडीवरचं सूप चाळीस वर्षांचं.
पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा,
हजार बिड्या पुऱ्या होईतो मांडी मोडायची नाही.
चालली ती बोटं.
एव्हाना वरंगळला जाऊन
माहेरचं पाणी पिऊन परत आली असती.

गोळ्या लिहून दिल्या, त्याखाली एक शब्द: चाला.
दुखेल. दुखेपर्यंत चाला. थांबा.
सुटलं की परत.
दुखायला लावून बरं कसं होतं, मी विचारलं.
त्या म्हणाल्या, मोठा रस्ता खोदून ठेवला
तर तुमच्याकडचे रिक्षावाले काय करतात?
काय करतील, घुसतात!
देवळामागनं, लोकांच्या मोरीवरनं,
वाट नाही तिथं वाट काढतात.
मग रक्तालाही जरा घाई होऊ द्या, म्हणाल्या.

नातवाचे जुने बूट. घालायच्या आधी
आत हात फिरवून खडा बघायचा,
कारण तळव्याला आता खडा कळत नाही.
साडीखाली ते पांढरे बूट बघून
अख्खा बोळ जागा झाला.
कुठं चाललीस, नरसव्वा?
कुठंच नाही.
आमच्या बोळातनं आजवर
कुठंच नाही असं कुणी गेलेलं नाही.
ब्रँचला जातात, रेशनला जातात,
एकदाच खांद्यावरनं जातात.

पहिला महिना गिरणी.
बोल्लीमामा काही बोलले नाहीत,
एक स्टूल तेवढं बाहेर ठेवू लागले.
मग बंद पडलेल्या टॉवेल कारखान्याचं गेट,
त्याच्या गजाला धरून उभी राहायची.
आतली लिंबं आता छपराच्या वर गेलीत.
मग सायकलवाला सिद्रामप्पा.
मग पुतणीचं लग्न, नऊ दिवस पाहुणे, बुंदी,
आणि दहाव्या दिवशी परत गिरणी.
पोटरी काही विसरत नाही.
रडले त्या दिवशी स्टुलावर बसून,
पीठ डोळ्यांत गेलं म्हणून सांगितलं.

उन्हाळा आला तसं साडेपाचला निघायला लागले.
नऊनंतर सोलापुरात सावलीसुद्धा भिंतीला चिकटून बसते.

सहा महिन्यांनी परत ते पेन, परत फुस्स.
आकडा?
तेवढाच, बाई म्हणाल्या. एक-दोन इकडंतिकडं.
माझं तोंड उतरलं असावं, त्यांनी विचारलं,
पण कुठवर जाता आता?
म्हटलं, न थांबता तलावाच्या कठड्यापर्यंत.
हातातलं पेन खाली ठेवून
त्यांनी ते मीटरात नाही, तसंच लिहून घेतलं.

काल गिरणीसमोरनं जाताना
बोल्लीमामांनी पट्टा थांबवला.
स्टूल आत घेऊ का आता?
पाय चालतच होते, मान वळवून म्हटलं,
राहू द्या, मामा.
लागेल कधीतरी.