तीनशे बारा फोटो

रविवारी औषधांचं दुकान बंद.
पहाटे पाचला निकिफोर डांबर फासलेली होडी
सुलिनाच्या धक्क्याला लावतो
आणि मी भिंगांची पिशवी पोटाशी धरून
बोरूच्या बनात शिरते.
डॅन्यूब इथे नदी असल्याचं विसरते.

टिबुकलीला इकडे कोर्कोदेल म्हणतात.
ऐकून वाटावं, जबडा असेल, खवले असतील.
असते मुठीएवढी.
गालांवर वीट उगाळलेली,
चोचीच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका,
जेवून तोंड पुसायचं राहिल्यासारखा.

दिसते. श्वास धरते मी. बोट दाबते.
टुबुक.
फोटोत पाणी.
पाण्यावर एक वर्तुळ,
दुसऱ्याला पुढे ढकलत निघालेलं.

"बुडाली तिथे काय बघता?"
निकिफोर सूर्यफुलाच्या बिया सोलत म्हणतो,
"तिथून तर ती गेली."
मग कुठे बघू?
तो दाढी खाजवतो.
माहीत नसतं असं नाही,
पण माहीत असलेलं
बोलून दाखवायची वेळ त्याच्यावर कधी आलेली नाही.

एकदा मात्र त्याने वल्हं थांबवलं.
कुजक्या शेवाळाचा तरंगता ढीग;
मी केर समजून बाजूला सारणार होते.
दोन बोटांनी त्याने वरचा थर उचलला:
चार अंडी, मळकी,
जाताना तिने पांघरूण घातलेली.
तसाच परत ठेवला थर.
मला कॅमेरा आठवला तो परतीच्या वाटेवर.

चार वसंत, तीनशे बारा फोटो.
अकरांत मागची पिसं,
एकात, शपथेवर सांगते, एक पाय.
बाकी पाणी.
नवरा म्हणाला, पाणी छान आलंय.

त्यातला एक चौकट करून दुकानात लावला,
रक्तदाबाच्या यंत्राशेजारी.
रांगेतल्या बायका विचारतात,
पाऊस पडतोय का गं यात?

परवा निकिफोर आला,
बायकोच्या गुडघ्यांचं मलम न्यायला.
टोपी काढली, फोटोसमोर थांबला,
वारा कुठून सुटलाय ते बघतात
तसा बघत राहिला.
मग बोट उचललं,
काचेवरून डावीकडे नेलं,
चौकटीचं लाकूड ओलांडलं,
भिंतीवर, चुन्यावर, आणखी वीतभर,
आणि टेकवलं.

"इथे निघाली होती."

सुटे पैसे मोजून गेला.
चुन्यावर डांबराचा ठिपका आहे.
मी तो पुसलेला नाही.