स्थिती-अहवाल

शारजा, ऑगस्ट. खाडीवरचा वारासुद्धा
कुणीतरी आधी छातीत घेऊन सोडलेला.
गोदामात मात्र एकवीस अंश, बारा महिने,
दगडांसाठी.

पेटी क्रमांक सतरा. फळ्या, फोम, मऊ कागद,
आणि कागदाखाली तो :
ग्रीक, संगमरवरी, एका गुडघ्यावर आलेला,
बरगडीत बाणाचं भोक.
बाण काशाचा होता म्हणे. कधीच गेला.
वितळवून कुणी वाटी केली असेल.
भोक राहिलं.

माझं काम अहवालाचं.
तडा कुठे, कपची कुठे उडाली,
डाग जुना की प्रवासातला.
टॉर्च तिरपी धरून चेहऱ्यावरून नेतो
आणि किंकाळी सापडत नाही.
ओठ एवढेच विलग,
जणू कुणी नाव विचारलंय
आणि तो आठवतोय.

इरिनीबाईंना विचारलं. म्हणाल्या,
तोंड पुरतं उघडलं तर दगडात
नुसता खड्डा उरतो. लोक खड्डा बघतात,
माणूस नाही.
आणि किंकाळी क्षणाची असते रे.
ती दोन हजार वर्षं चालू ठेवलीस
तर पहिल्या दिवशी तुला कणव येईल,
तिसऱ्या दिवशी तूच तिकडे पाठ करून जेवशील.

पटलं. अर्धं.

उरलेलं अर्धं दाऊदकडून.
दाऊद हमदुले, दाभोळचा. त्याच मंगळवारी
जॅक सरकला आणि पेटीची कड
त्याच्या डाव्या पावलावर टेकली.
ओरडलो आम्ही तिघं.
तो म्हणाला, आधी माझ्या बाजूचा पट्टा आवळा.
एवढंच. मानेची शीर दोरासारखी,
पोट आत, कण्याला लागलेलं.

दवाखान्यात मग हसून :
ओरडलो असतो तर दम गेला असता,
दम गेला की पकड गेली,
मग तुमचा हा बाबा फरशीवर.
रात्री त्याने घरी फोन लावला.
पाय? पायाला काय झालंय.
बांगड्याला भाव काय मिळाला ते सांग.

दुसऱ्या दिवशी मी टॉर्च चेहऱ्याच्या खाली नेली.
मानेत दोर. पोट आत.
उजव्या पायाचा अंगठा जमिनीत रुतवलेला,
इतका, की दगडाला दगड टोचावा.
लपवलं नव्हतंच काही त्या कारागिराने.
एकट्या तोंडाने उचलायचं ओझं
त्याने अंगभर वाटून दिलं होतं,
जसे आम्ही चौघं पेटी उचलतो.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं.
पण टेबलावर दुसरा एक कागद होता,
कंपनीचा, अपघाताचा. दाऊदच्या नावापुढे
सुपरवायझरचं अक्षर :
किरकोळ. कामगाराने तक्रार केली नाही.
दोन बोटं मोडलेली.

संगमरवराला निदान माझ्यासारखा कुणीतरी आहे,
टॉर्च घेऊन इंच इंच बघणारा.

मी अहवाल पुढे ओढला. लिहिलं,
तोंड : किंचित उघडं. मूळचंच.
सवयीने पुढे लिहिलं, इजा नाही.
मग ते दोन शब्द खोडले,
आणि खोडलेल्यावर, नियमाप्रमाणे,
सही केली.