एक घासणी शिल्लक

डुलुथमध्ये मार्च म्हणजे हिवाळाच,
फक्त कॅलेंडर ते कबूल करत नाही.
यंत्र मी व्हॅनमध्येच ठेवलं.
आधी बघायचं असतं.

औने केट्टुनेन, वय ब्याऐंशी,
दारातच म्हणाली, बूट काढ.
तीस वर्षं लोकांच्या जमिनी घासतोय,
कामावर आलेल्या माणसाला बूट काढायला लावणाऱ्या
बायका तीनच भेटल्या. तिघी फिनिश.

गालिचा तिने स्वतःच उचलला होता,
चाळीस वर्षांचा, मोहरीच्या रंगाचा,
मागच्या अंगणात बर्फावर गुंडाळून पडलेला.
खिळे कॉफीच्या डब्यात, मोजून.
खाली मेपल.
ओकसारखं ठळक काही लिहिलेलं नसतं मेपलवर.
सायीच्या रंगाचा, अबोल;
उजेड तिरपा पडला तरच कळतं
त्याच्या अंगात काय काय आहे.

एजंट बाईंना करडी चकाकी हवी होती,
आजकाल तसंच खपतं म्हणे.
माझ्याकडे नमुन्यांच्या अकरा पट्ट्या:
मध, अक्रोड, धुकं, ओली वाळू.
औनेने त्या पत्त्यांसारख्या पिसल्या
आणि परत दिल्या.

मी गरम हवेच्या जाळीचं झाकण काढलं.
फळीची कड तिथेच दिसते,
पावाच्या कापासारखी.
फळीलाही जीभ असते,
शेजारणीच्या खाचेत बसणारी.
जिभेच्या वर जेवढं लाकूड
तेवढंच तिचं आयुष्य.
दर घासणीत थोडं जातं, भुसा होऊन, पिशवीत.
जीभ उघडी पडली की घर बोलायला लागतं
आणि मग थांबत नाही.
मी पट्टी लावली. चष्मा पुसून पुन्हा लावली.
म्हटलं, अजून एकदाच घासता येईल.
एकदाच.

ती खुर्ची ओढत नाही, उचलते.
उचलली, ठेवली, बसली.
"पहिल्यांदा सासऱ्यांनी घासली.
मग अडुसष्ट साली आर्वोने,
यंत्र भाड्याने आणून, एका शनिवारात.
आणि तिथे बघ, खिडकीखाली,
यंत्र चालू ठेवून थांबला सिगारेट पेटवायला."
खळगा होता. बशीएवढा.
मी आल्याआल्याच पाहिला होता, बोललो नव्हतो.
धंद्यात पहिलं तेच शिकवतात:
ड्रम फिरत असताना उभं राहायचं नाही.

घर कोण घेतंय, मी विचारलं.
"कोण जाणे. पोरंटोरं असतील कुणाची."
बराच वेळ ती त्या जाळीच्या भोकाकडे बघत होती.
"मग ती त्यांची," म्हणाली.
"आम्ही दोन खाल्ल्या."

माझं निम्म्याहून जास्त बिल तिथेच गेलं.

दोन दिवस नुसतं हाताने.
झिजका काचपेपर, साबण, मऊ ब्रश,
मग तेल, पातळ, रेषेच्या बाजूने.
जे मी गिऱ्हाइकाला सांगायचं
ते तीच मला सांगत होती:
फडका पिळायचा, पिळलेला पुन्हा पिळायचा.
व्हिनेगर नको. वाफेचा मॉप तर घरातच नको.
खुर्चीच्या पायांना नमद्याचे तुकडे,
आणि ते दर नाताळात बदलायचे.
थंडीत फटी पडतात, पडू द्यायच्या;
जूनमध्ये सरोवरावरून धुकं आलं
की लाकूड आपणच मिटतं.
लोकांना जूनपर्यंत धीर धरवत नाही.

तेलाचे फडके मी पाण्याच्या बादलीत बुडवले.
जवसाच्या तेलाचा बोळा कोपऱ्यात नुसता पडून राहिला
तरी आतल्या आत तापतो
आणि रात्री कधीतरी पेटतो.
ती पहिल्यांदाच हसली. "आर्वो."

जाळी बसवायच्या आधी
तिने माझ्या कानावरची पेन्सिल घेतली,
गुडघ्यावर बसली, मला धरून,
आणि फळीच्या कडेवर, जिथे फक्त
माझ्यासारखाच कुणी डोकावतो,
एक उभी रेघ मारली.
एवढंच? मी म्हटलं. कळेल का कुणाला?
ती उठायच्या खटपटीत होती.
पुढचा कारागीर तिला
ओरखडाच समजेल कदाचित.