काळ, काम, वेग

सोहारच्या बंदरामागे, खोली नंबर चौदा.
परकारचाचांनी पुस्तक पलंगावर आपटलं:
प्रकरण नववं. काळ, काम, वेग.
चार्जहँडच्या परीक्षेत यातले पाच मार्क,
आणि पास झालास तर, म्हणाले, महिन्याला वीस रियाल जास्त.

अ एक काम बारा दिवसांत करतो.
ब तेच काम अठरा दिवसांत करतो.
दोघं मिळून?

मी बारा आणि अठरा मिळवले, निम्मे केले.
पंधरा, म्हटलं.
चाचांनी खुबूसचा तुकडा ताटात परत ठेवला.
"एकट्या अ ला बारा लागतात, गाढवा.
मदतीला माणूस आला आणि काम लांबलं?
तुझ्यासारखाच असणार तो ब."

मग शिकवलं, एक्स्चेंजच्या पावतीच्या पाठीवर
(पुढच्या बाजूला नव्वद रियाल, गुहागर शाखा):
दिवसांची बेरीज करायची नाही.
कधीच नाही.
एका दिवसात कोण किती उरकतो, तेवढंच मिळवायचं.
कामाचे छत्तीस भाग कर.
अ चे रोज तीन, ब चे दोन,
झाले पाच.
सात दिवस, आणि आठव्याची थोडी सकाळ.

मी मान डोलावली. पण समोर भिंतीवर
आठ पलंगांची आठ कॅलेंडरं,
सुट्टीच्या तारखेकडे सरकणाऱ्या फुल्या.
दिवसांची बेरीज केल्याशिवाय
इथे कुणाला झोप लागत नव्हती.

हौदाच्या गणितावर मात्र मी भांडलो.
एक नळ हौद चार तासांत भरतो,
दुसरा सहा तासांत रिकामा करतो,
दोन्ही एकदम सोडले तर?
"सोडेलच का कुणी? तीन वर्षं टाक्यांवर काढलीत मी.
खालचा वॉल्व्ह उघडा ठेवून वरून भरणाऱ्याला
दुसऱ्या दिवशी विमानात बसवतात."
चाचांनी पावती उलटी केली, परत सुलटी केली.
"बारा तास," म्हणाले.
"भरतो. पण बारा तास."
त्यांना इथे सव्वीस वर्षं झाली होती.

जूनमध्ये साडेबारा ते साडेतीन काम बंद.
पाइपांच्या सावलीत आम्ही ओळीने आडवे,
हेल्मेट तोंडावर.
पुस्तकातला अ मात्र तिकडे
बाराही दिवस एकाच वेगाने,
घामाशिवाय, लघवीला न जाता,
घरचा फोन न घेता.
"ह्याला कुठल्या एजंटनं आणला?" मी विचारलं,
तेव्हा चाचा हसले,
खोकला लागेपर्यंत.

ऑगस्टमध्ये पुढचं गणित आलं:
चार दिवस दोघांनी काम केल्यावर अ सोडून गेला.
उरलेल्या कामाला ब ला किती दिवस?
त्याच आठवड्यात चाचांचा गुडघा मेडिकलला नापास झाला.
दोन खोकी, एक कांबळं, नातीसाठी दुधाच्या पावडरीचा डबा.
गाडीत चढता चढता ओरडले,
"वीस भाग झाले, सोळा उरले, रोज दोन!"
"आठ, चाचा!"
गाडी गेटातून वळली.

मग लक्षात आलं, चार आणि आठ बारा.
अ एकटाच शेवटपर्यंत थांबला असता
तरी बाराच.
हे त्यांना सांगायचं राहिलं.

पाचातले चार आले. हौदाचं मी करूच शकलो नाही,
पेन्सिल सारखी खालच्या वॉल्व्हकडे जायची.

आता चाचांच्या पलंगावर उमरग्याचा लिंबाजी,
वय बावीस, अजून कॅलेंडर लावलेलं नाही.
त्यालाही परीक्षा द्यायची आहे.
मी पुस्तक उघडलं, वाचलं:
अ एक काम बारा दिवसांत करतो.
"थांबा," तो म्हणाला.
"बारा म्हणजे, शुक्रवार धरून का सोडून?"

मी पान मागे उलटलं, पुढे उलटलं.
दिलेलं नव्हतं.