टेलपर्यंत

बेदाण्याच्या सौद्यात मी दाढेनं भाव सांगतो.
पहिला दाणा जिभेवर, दुसरा पुढच्या दातांत,
तिसरा वरच्या उजव्या दाढेखाली.
तिथं कळतं आत ओल किती राहिलीय,
पेटी पावसाळा काढेल की बुरशी धरेल.
सत्तावीस वर्षं त्या एका दाढेवर घर चाललं.
यंदा, हंगाम तोंडावर असताना, तिनंच दगा दिला.
गोड लागलं की कानशिलापर्यंत वीज.
व्यापारी म्हणायचे, "दादगोंडा, तोंड का वाकडं?
माल एवढा वाईट?"

मगदूम डॉक्टर तासगावातच, बँकेच्या वर.
जिन्यात चपला काढायच्या.
माझ्या पोराचा दुधाचा दात त्यांनी
क्रिकेटच्या गप्पा मारता मारता काढला,
आईची कवळी त्यांचीच,
आणि रॅकवरचा माल भिजला त्या वर्षी
बिल विचारलं तर म्हणाले, "बघू दिवाळीला."
कुठल्या दिवाळीला, ते सांगितलं नाही.

मेव्हणा म्हणाला, सांगलीत विश्रामबागेत एक बाई आहेत,
फक्त रूट कॅनॉल करतात.
दातसुद्धा काढत नाहीत.
"आणि पैसे दुप्पट," बायको म्हणाली,
"दाढ तर एकच."

रात्री लवंग दाबून धरून पडलो.
आमच्याकडं कॅनॉल म्हणजे म्हैसाळचा.
त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हार पडतात, फोटो निघतात.
टेलच्या माणसाला विचारा.
टेलला वाळू असते, आणि वाळूत एक मोटार, बंद.

सकाळी मगदूमांनी एक्स-रे खिडकीशी धरला.
"तीन दिसतात. पण ह्या दाढेला कधी कधी
चौथा असतो, केसाएवढा.
मला तो हातानं चाचपावा लागेल. आरवाडे बाईंकडं मायक्रोस्कोप आहे."
"तुम्ही केलं तर?"
"करीन की. पुढचे दात, सरळ मुळं, रोजच करतो.
पण दाढ माझी असती
तर आठची एसटी धरली असती."

हेच ऐकायला मी जिना चढलो होतो.
ऐकलं, आणि त्यांचाच राग आला.

विश्रामबागेत चपला काढायच्या नाहीत,
वरून प्लास्टिकच्या पिशव्या घालायच्या.
डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची.
तिनं तोंडावर निळं रबर ताणलं,
मल्चिंग पेपरातून एकच रोप वर काढावं
तशी एकटी दाढ बाहेर.
मग ती आत बघत राहिली.
यंदा भाव काय, पोरं काय करतात, काही नाही.
एसीचा आवाज. घड्याळ.
तिच्या श्वासाचासुद्धा आवाज नव्हता.
एकदा म्हणाली, "मान जरा उजवीकडं."
आणि खूप वेळानं, मला नाही, कुणालाच नाही,
"आहे."

पैसे भरताना दिवाळीचा विषय निघाला नाही.
चिठ्ठीवर शेवटची ओळ:
टोपी मगदूम सरांनीच बसवावी.

पुन्हा तो जिना.
"होता?"
"होता."
"किती वेळ लागला तिला?"
"शोधायलाच चाळीस मिनिटं."
"चाळीस," ते म्हणाले, आणि बाहेर बघितलं.
बाकड्यावर सहाजण होते,
एक म्हातारी गालाला फडकं बांधून.

टोपी बसली. दाढेवर त्यांनी कापसाची गुंडाळी ठेवली.
"दाबून धरा. पाच मिनिटं बोलायचं नाही."
हात धुतले. पुसले. परत धुतले.
मग पाठमोरेच म्हणाले,
"तुमच्या आईची हीच दाढ मी केली होती.
नव्व्याण्णव साली.
वर्षभरात परत ठणकली, काढावी लागली.
मी म्हटलं होतं, दाढच कमकुवत.
आठवतं?"

मला आठवत होतं.
तोंडात कापूस होता, ते एक बरं.