पान तीन, कलम चार

मी जेकार्डची कार्डं मारतो, साखर पेठेत,
बोळातल्या दुसऱ्या जिन्याखाली.
पुठ्ठ्यावर भोक असेल तिथं दोरा वर उचलला जातो,
नसेल तिथं खाली राहतो.
चादरीवरचा मोर एवढ्यावरच उभा असतो.
एक भोक चुकलं की मान मोडते त्याची,
आणि कारखानदार म्हणतो, गुर्रम, चष्मा बदला.

म्हणून प्रणिता गोल काळे करायला बसली
तेव्हा वाटलं, हे काम आपल्या घरातलंच आहे.
चारांतला एक गोल. रेघेबाहेर शाई नको.
चौदा महिने कन्ना चौकातला क्लास,
फीचे तीन हप्ते, तिसरा अजून बाकी.
पहाटे पाचला पंखा तिच्याकडे वळवून
मी घड्याळ लावायचो. नव्वद मिनिटं, नव्वद प्रश्न.
बायको म्हणायची, पोरीला स्वप्नात पण पर्याय दिसतात.

मग नवी नियमावली आली.
पान तीन, कलम चार :
यंदापासून प्रवेश परीक्षा होणार नाही.
साठ जागा. निम्म्या सोडतीनं,
निम्म्या शाळेच्या गुणांवर, वॉर्डावार.

कचेरीच्या पायऱ्यांवर आम्ही चाळीसेक जण,
ऊन त्रेचाळीसच्या पुढं.
बँकेतले बिराजदार म्हणाले, शाळेचे गुण?
आमच्या शाळेत पंच्याण्णवच्या खाली मूलच जन्मत नाही.
टायरवाले शकीलभाई म्हणाले, और हमारी शाळा में
गणिताला दीड वर्ष मास्तरच नव्हता, मग?
कुणी म्हणालं कोर्टात जाऊ. कुणी म्हणालं आमदार.
साहेबांनी बाटलीतलं पाणी पिऊन सांगितलं,
वरून आलंय.
वर म्हणजे कुठं, हे विचारायचं राहून गेलं.
हरकतीच्या अर्जावर माझी सही सतरावी.

रात्री मी कोरा पुठ्ठा हातात धरून बसलो.
हा मागावर चढवला तर सगळे दोरे खालीच.
सगळीकडे भोकं मारली तर सगळे वर.
मोर दोन्हीत नाही.
हे मला कचेरीत सुचायला हवं होतं.
पण सुचलं असतं तर
उरलेल्या, खालच्या दोऱ्यांचं काय,
असं कुणीतरी विचारलंच असतं.

विचारायला आल्या त्या पुष्पाबाई येमूल.
दारातच उभ्या, बोटांना तंबाखूचा वास,
मागं त्यांचा वेणू,
जो शाळेतून आला की चादरींच्या दशांना गाठी मारतो,
शेकड्यावर.
म्हणाल्या, आता चिठ्ठी हाय म्हणे. मग आमचं पण नाव टाका की.
मी विचारलं, मागं परीक्षेचा फॉर्म का नाही भरला?
परीक्षा होती होय, म्हणाल्या.

मग हसल्या. आमच्या हजार विड्यांत
रोज शंभर तरी छाट होतात, अण्णा.
तपासणारा बोट लावतो नि बाजूला टाकतो.
का म्हणून विचारलं तर
उद्या पान कमी देतो.
चिठ्ठीला निदान बोट नसतं.

खिशात हरकतीच्या अर्जाची झेरॉक्स होती,
बसताना ती कुरकुरली.
मी फॉर्म घेतला. जन्मतारीख?
पुष्पाबाई आठवू लागल्या, कारखान्याचा संप चालू होता,
यांचा पाय भाजलेला...
आतून प्रणिता म्हणाली, नऊ ऑगस्ट.
मान वर न करता. ती अजून पेपर सोडवत होती,
जो आता कुणीच घेणार नाही.
काल तिला सत्त्याऐंशी पडले.
मी तपासून दिले, लाल पेनानं, नेहमीसारखे.

फॉर्मखाली धरायला काही सापडेना
म्हणून अर्धवट मारलेलं कार्ड घेतलं.
वेणूचं नाव लिहिताना, णूच्या उकारावर,
पेन खालच्या भोकात गेलं.
कागद फाटला नाही. नुसता खड्डा पडला.

चालंल का आसं? पुष्पाबाईंनी विचारलं.
मी पान तीन उघडलं, चार उघडलं,
पार शेवटपर्यंत पाहिलं.
म्हटलं, याबद्दल काही दिलेलं नाही.